सहा माणसांची लाँच

जानेफळच्या पुंजाजींच्या घरी धोंड्याच्या महिन्यात एक गंमत व्हायची. जावयाला वाण द्यायचं तर जावई बाहेरून यायला हवा, आणि पुंजाजींचा जावई तर त्यांच्याच ओसरीवर झोपलेला. मग आंघोळ झाली की उद्धवनं मागच्या दारानं बाहेर पडायचं, मारुतीच्या पारापर्यंत चालत जायचं, थोडा वेळ तिथं बसायचं आणि पुढच्या दारानं पाहुणा होऊन यायचं. दारात सासू मनकर्णाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. "या, जवाईबापू, कवा निघाले व्हते?" असं ती अगदी गंभीरपणे विचारायची आणि उद्धव म्हणायचा, "पहाटंच निघालो, मामी." पारावरची रिकामी माणसं मागोमाग येऊन हा सोहळा बघायची आणि पोट धरून हसायची. उद्धवही हसायचा. पहिल्या खेपेला त्याला खरंच हसू आलं होतं.

उद्धव मूळचा रोहिणखेडचा. पाच भावांतला चौथा, आणि जमीन अशी की पाचांनी वाटून घेतली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला बांधच जास्त आला असता. पुंजाजींना एकुलती एक मुलगी, सिंधू. त्यांनी रीतसर बोलणी केली आणि उद्धव एक लोखंडी पेटी घेऊन जानेफळला घरजावई म्हणून आला तो आलाच. सासरी त्याचे हाल झाले असतील असं कुणाला वाटेल. छे! हाल झाले असते तर भांडून निघून तरी जाता आलं असतं. पुंजाजी त्याच्या पानात आधी तूप वाढायला लावायचे. पेरणीआधी न चुकता विचारायचे, "जवाई, यंदा पऱ्हाटी कोनत्या वावरात टाकू?" उद्धव नीट विचार करून सांगायचा, पुंजाजी मान डोलावून ऐकायचे आणि दुसऱ्याच वावरात टाकायचे. अशा माणसाशी भांडणार कसं?

वाणाचंही तसंच. एका धोंड्यात तांब्याचं ताम्हण मिळालं, पुढच्यात शाल, त्याच्या पुढच्यात चांदीचा दिवा. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई ते सगळं उचलून आपल्या शिसवी कपाटात ठेवायच्या. "घरचंच हाये, जाते कुठी?" कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांच्या मनात पाप नव्हतं. जावयाला दिलेलं देवाला पोचतं, आणि जावई घरातच असल्यामुळे वस्तूही घरातच राहते, यासारखा दुसरा फायदा नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. गावात हायस्कूल निघालं आणि तिथं नारायणराव नावाचे एक मास्तर थेट कोकणातून नोकरीला आले. त्यांना इथली ज्वारीची भाकर पचेना आणि इथलं ऊन सोसेना, पण सगळ्यात जास्त त्यांना समुद्राविना जमेना. उद्धव राबायचा तो पुंजाजींचा मळा शाळेच्या मागेच. संध्याकाळी दोघं विहिरीच्या थारोळ्याशी बसायचे आणि नारायणराव बोलायला लागायचे. त्यांच्या मामेभावाची एक लहानशी लाँच होती. रत्नागिरीहून निघायची, कौलं, मीठ असलं सामान घेऊन अशा किनाऱ्याला जायची जिथं सडक नाही, गाव नाही, नुसतं जंगल पाण्यापर्यंत उतरलेलं. रात्री वाळूत अंडी घालायला कासवं यायची. लाँचच्या दोन्ही बाजूंनी मासे उड्या मारत सोबत करायचे. सामानासोबत हौशी माणसांनाही मामेभाऊ घेऊन जायचा, आठवडाभर फिरवून आणायचा.

उद्धवनं आजवर पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे लोणारचं तळं. चारी बाजूंनी कडा, मधे पाणी, आणि त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते पाहताना त्याला कधी बरं वाटलं नव्हतं. नारायणराव सांगायचे ते पाणी मात्र एका बाजूनं उघडं होतं. ते ऐकताना घरच्या म्हशीची पिळायची वेळ टळून जायची, तरी उद्धवला उठवत नसे.

त्या वर्षी धोंड्याचा महिना श्रावणात आला. उद्धव पारावर जाऊन आला, पाय धुऊन झाले, पाटावर बसला. पुंजाजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बोला जवाई, यंदा काय पाह्यजे? रेडिओ घेता काय?"

उद्धवनं आधीच ठरवलं होतं. कपाटात ठेवता येणार नाही असं काहीतरी मागायचं.

"मामाजी, मले दर्या पाह्याले जायचं हाये. लहान बोटीतून. आठ दिवस."

ओवाळायला घेतलेली आरती मनकर्णाबाईंच्या हातात तशीच राहिली. "एकलेच?"

"हाव."

"अवो, माही एकच पोरगी हाये! बोट बुडन तं तिनं कोनाकडं पाहाचं?"

पुंजाजी मात्र रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "वानात मागतलं, तं नाई कसं म्हनाचं? पन कोनती बोट, कशी बोट, पाहून-पुसून ठरवू. घाई काऊन?"

मग सुरू झालं ते बोट निवडणं. समुद्रापासून शेकडो मैलांवर, मेहकर तालुक्यातल्या एका ओसरीवर, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत बोटींची चर्चा चालली होती असं आज सांगितलं तर पटणार नाही. सगळ्यात जास्त बोलायचे उकंडराव. हे मनकर्णाबाईंचे भाऊ, मलकापूरला कापसाची दलाली करायचे. मलकापूरला मुंबईची गाडी थांबते एवढ्या भांडवलावर ते जगातल्या सगळ्या प्रवासांविषयी छातीठोक बोलत. "मोठी आगबोट घ्या जवाई, गोव्याची. वरच्या मजल्यावर हाटेल हाये. शेकड्यानं मानसं जाते. लहान बोटीत काय मजा?"

शेकड्यानं माणसं जातात, हेच तर उद्धवला नको होतं. त्याचा हिशेब सरळ होता, आणि तो त्यानं कुणालाही सांगितला नव्हता. मोठ्या बोटीचं नाव काढलं की उद्या पुंजाजी म्हणणार, एवढी जागा आहे तर चला, सारेच जाऊ. मग समुद्रावरही तेच घर, तीच मामी, तोच पानदान पुढे सरकवणारा हात. लहान लाँच म्हटलं की म्हातारी माणसं घाबरतील आणि आपण सुटू. जन्मात एकदाच हा माणूस लबाडी करायला निघाला होता. पण लबाडीचं वळण अंगात नसलं की काय होतं ते पाहा.

एका रविवारी उकंडराव पुन्हा आगबोटीची महती गाऊ लागले तेव्हा उद्धवला राहवलं नाही. तो म्हणाला, "उकंडराव, मोठी बोट काठापासून कोसभर दूर जाते. काय दिसते तिथून? नुसती रेघ. लहान लाँच काठाकाठानं जाते. जंगलातला मोर वरडला तं बोटीत आयकू येते. खाडीत शिरते. खाऱ्या पान्यात झाडं उभी हायेत, त्याईच्या मुळ्या पान्याच्या वर आलेल्या. मनात आलं तं होडी सोडते, अन् जिथं मानसाचा पाय नाई पडला अशा वाळूवर उतरवते."

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, पण जावई एवढं सलग बोललेला त्या घरानं ऐकला नव्हता. आता थांबायला हवं हे त्यालाही कळत होतं, पण जीभ सुटली होती. कासवाच्या मादीच्या डोळ्यांतून अंडी घालताना पाणी येतं ते त्यानं सांगितलं. कड्यावर घरटं करून राहणाऱ्या समुद्रगरुडाचं सांगितलं. लाँच किती भरवशाची, ती चालवणारा तांडेल किती जाणता, हेही सांगितलं, कारण परवानगी तर मिळायला हवी होती. त्याची नऊ वर्षांची मुलगी सुलभा त्याच्या मांडीला टेकून बसली होती. सिंधू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली ती तिच्या हातातलं पीठ वाळेपर्यंत हललीच नाही.

पुंजाजी जन्मभराचे शेतकरी. त्यांना कासवाचं काही वाटलं नाही. पण खाऱ्या पाण्यात झाड? "जवाई, लोणारच्या काठाले साधं गवत धड उगवत नाई. खाऱ्या पान्यात झाड जळून जाईन."

"नाई जळत, मामाजी. गुरुजीच्या गावाले तं जंगलच हाये त्याचं."

पुंजाजींनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "हे तं पाह्याले पाह्यजे. मंग एकलेच काऊन जाता? सारेच जाऊ."

त्या दिवसापासून उद्धवनं उलट बाजूनं जोर लावला. लहान लाँच हलते फार, असं सांगितलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, "बैलगाडीत काय कमी हलते?" लोकांना ओकाऱ्या होतात म्हणून सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "लिंबू नेऊ." बोटीवर संडास नाही, मागं बांधलेल्या फळीवर बसावं लागतं, हे त्यानं शेवटचं राखून ठेवलेलं हत्यार काढलं, तेव्हा पुंजाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जवाई, आपल्या वावरात कुठी हाये संडास?" कष्टाची सवय असलेल्या माणसांना कष्टाची भीती घालत होता बिचारा.

नारायणरावांनी मामेभावाला पत्र टाकलं आणि उत्तर आलं. सार्वत्रिक निवडणूक आटोपली की मार्चमध्ये या. सहा माणसं घेईन. सातवं नाही, मग तो कुणीही असो. लाँच लहान आहे.

पुंजाजी, मनकर्णाबाई, सिंधू, सुलभा, उद्धव. पाच. एकटं नाही तर नाही, पण समुद्र तर दिसेल, अशी उद्धवनं मनाची समजूत घालायला सुरुवात केली होती. रात्री डोक्यावर आभाळ असेल, मामी झोपलेल्या असतील, लाँचच्या टोकाला जाऊन घटकाभर एकटं बसता येईल. तेवढंही त्याला पुष्कळ होतं. त्यानं नवा सदरा शिवून घेतला.

आणि उकंडराव उगवले. सोबत त्यांची बायको पुष्पाबाई. "आक्का, इतकं सांगू राह्यली तू, तं आमीबी येतो म्हनलं. पुष्पानं कदी दर्या पाह्यला नाई."

ओसरीवर सगळे बसले होते. सात माणसं आणि सहा जागा. सातव्याचं काय, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. मागच्या दोन खोल्या कापसानं आढ्यापर्यंत भरलेल्या होत्या. भाव वाढेल, थांबा, असं पुंजाजींना याच उकंडरावांनी सांगितलं होतं, त्यामुळे गावातल्या सगळ्यांचा कापूस गेला तरी पुंजाजींचा घरातच. कापसानं भरलेलं घर वऱ्हाडात कुणी परक्याच्या भरवशावर टाकून जात नाही. एक ठिणगी पडली की वर्ष गेलं. "सालदार चांगला हाये आपला," पुंजाजी म्हणाले, "पन बिडी ओढते."

"घरचंच मानूस पाह्यजे," उकंडराव म्हणाले आणि त्यांनी अडकित्ता उचलला.

कुणीही उद्धवकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला निदान राग आला असता. सगळे आपापल्या जागी शांत बसून होते, त्याला सुचेल म्हणून.

"मी राह्यते," दारातून सिंधू म्हणाली.

"अन् पोरीले कोन पाहीन? मले तिच्यामागं पयनं व्हत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

उद्धवनं सिंधूकडे पाहिलं. या घरात तिचा जन्म झाला, याच अंगणात तिचं लग्न लागलं, आणि सासरी म्हणून ती गेली ती पुढच्या दारातून निघून मागच्या दारानं आत. माहेर सोडताना बायका रडतात, तिला तेही करता आलं नव्हतं. कासवाची गोष्ट ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता ते त्यानं पाहिलं होतं. आणि उकंडरावांना नको म्हणायचं तर घरजावयानं सासूच्या भावाला कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"कापसापाशी कोनी तरी पाह्यजेच," तो म्हणाला. "मी राह्यतो."

"मी म्हनलंच व्हतं," पुंजाजी खुशीनं म्हणाले, "आपला जवाई म्हंजे लाखात एक!"

एका दिवसापुरतं घराला कुलूप लावून मलकापूरच्या स्टेशनावर तोच त्यांना पोचवायला गेला. ट्रंका, वळकट्या, चिवड्याचा डबा, लिंबांची पिशवी, सगळं त्यानं डब्यात चढवलं. बोटीवर कुठं बसायचं, वारा कुठून येतो, भरती कधी असते, हे नारायणरावांनी सांगितलेलं सगळं त्यानं उकंडरावांना पुन्हा समजावून दिलं. गाडी हलली तेव्हा सुलभानं खिडकीतून हात बाहेर काढला, सिंधूनं काढला नाही. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिला हसून दाखवत होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यानं एक कप चहा घेतला आणि परतीची एस. टी. पकडली.

मग ते दिवस. कुणी म्हणेल, एकटाच त्या पांढऱ्या ढिगावर पडून त्याला लाटांचा भास झाला असेल. तसलं काही झालं नाही. कापूस टोचतो, त्याची कुबट ऊब अंगाला चिकटते आणि शिंका येतात. तो दाराशी बाज टाकून बसायचा. चूलसुद्धा त्यानं घरात पेटवली नाही, अंगणात तीन दगड मांडून भाकर करायचा. रस्त्यानं जाणारी माणसं विचारायची, "काऊन हो उद्धवराव, तुमी नाई गेले? सारी बोट तं तुमीच निवडली म्हंते." तो म्हणायचा, "कापूस हाये ना."

एक दिवस मात्र त्याचं डोकं फिरलं. दुपारी त्यानं नवा सदरा अंगात घातला, घराला कुलूप लावलं, सालदाराला अंगणात बसवलं, त्याच्या बिड्या काढून घेतल्या आणि मेहकरला गेला. स्टँडवर गाडी उभी होती. तो चढला, खिडकीशी बसला. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" आणि उद्धवला सांगता येईना. समुद्रावर आता जाऊन लाँच सापडणार नव्हती. राहिलं रोहिणखेड. तिथं भाऊ विचारणार, काऊन आला? भांडन झालं काय? आणि झालं नाही म्हटलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पाठीमागे जायला घर नाही आणि पुढे आहे ते आपलं नाही. त्याला तिथं, भरल्या गाडीत, रडू फुटायला आलं. कंडक्टर पुढच्याचं तिकीट फाडून परत आला तोवर म्हैस पिळायची वेळ होत आलीय हे उद्धवला आठवलं आणि तो उतरला.

मंडळी उन्हानं काळवंडून, तोंडभर हसत परत आली. लांबच्या जत्रेहून आलं की गावजेवण घालायचं, मावंदं म्हणतात त्याला. समुद्र काही देव नव्हता, पण मनकर्णाबाईंनी बाटलीत त्याचं पाणी भरून आणलं होतं, त्याची पूजा केली आणि मावंदं घातलं. अंगणात पंगत बसली. उकंडराव हातवारे करून मोठमोठे मासे दाखवत होते. पुंजाजी जो भेटेल त्याला सांगत होते, "झाड हाये बाप्पा खाऱ्या पान्यात. मी सोता हात लावून पाह्यलं. पान चाखलं, खारट!" सुलभाला चार कासवं दिसली होती. आल्यापासून सिंधू उद्धवशी नीट बोलली नव्हती. ती वाढत होती.

नारायणरावांनी पानावरून विचारलं, "काय आजी, लाँच आवडली का?"

"आवडली म्हंजे! तो तांडेल मले म्हने, आजी, कोरड्या मुलखातले लोक येते ते मोठ्या बोटीनं गोव्याले जाते. हा किनारा मागून घेतलेलं मानूस मी पह्यल्यांदा पाह्यलं. कोनी निवडला? मी म्हनलं, आमच्या जवायानं. तो म्हने, मंग ते काऊन नाई आले?" मनकर्णाबाईंनी कौतुकानं उद्धवकडे पाहिलं. "मी म्हनलं, त्याईले घर सोडून करमतच नाई. एक दिवस म्हनून नाई करमत!"

पंगतीतली सगळी माणसं उद्धवकडे बघून हसली, चांगलं हसली. मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत एवढीशी जरी लबाडी असती तरी त्याला बरं वाटलं असतं. पण ती म्हातारी खोटं बोलत नव्हती. इतकी वर्षं एका छपराखाली राहून तिला हे असंच दिसलं होतं. सिंधू वरणाचं भांडं घेऊन पंगतीच्या मधोमध थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं आता काही बोलावं म्हणून ती वाट बघतेय हे त्याला कळलं.

"हाव," उद्धव म्हणाला, "नाई करमत."

आणि नारायणरावांच्या पानातली बुंदी संपली होती, ती आणायला तो आत गेला.